स्वतःची चूल घेऊन उत्तरेकडे

त्या हिवाळ्यात चारुदत्त नाबरच्या जेवणाच्या टेबलावर कोणी जेवलं नाही. टेबलावर स्वीडन होतं.

नकाशे त्याने न्यूयॉर्कहून पोस्टाने मागवले होते. चिकटपट्टी लावून ते जोडले, तेव्हा टेबल कमी पडलं. खालचं टोक त्याच्या खुर्चीशी आलं आणि वरचं, म्हणजे नॉर्वेचं उत्तर टोक, समोरच्या खुर्चीवर लोंबू लागलं. ती खुर्ची त्याच्या बायकोची, मालिनीवहिनींची. त्या जाऊन दीड वर्ष झालं होतं. चारुदत्त सिंकपाशी उभ्यानेच जेवायचा आणि हात पुसून पुन्हा नकाशावर वाकायचा.

त्याचं सगळं आयुष्य वाकण्यातच गेलं. वूस्टरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. मी त्याच गावात हॉस्पिटलचा बॉयलर सांभाळायचो, त्याआधी जहाजांवर इंजिनरूममध्ये होतो. आम्ही दोघंही श्रूजबरीला राहायचो, मागच्यापुढच्या गल्ल्यांत. आमच्या आसपासची मराठी माणसं डॉक्टर आणि इंजिनियर. चांगली माणसं, पण शनिवारच्या जेवणात त्यांचं बोलणं शेअर्सवर जायचं आणि आम्ही दोघं बाहेर ओट्यावर जायचो. तशी ओळख झाली. माझी बायको सरला थंडीला कंटाळून दहा वर्षांपूर्वीच मालवणला परत गेली होती. त्यामुळे माझ्याकडे वेळ होता.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात त्याने मला बोलावलं आणि नकाशावर कंपास टेकवला.

"गोथेनबर्गला मोटरहोम, राहायची-झोपायची गाडी, भाड्याने मिळते. हिवाळ्यात कोणी देत नाही, एक जण द्यायला तयार झालाय. तिथून वर. समुद्राच्या कडेकडेने लुलेओ. मग किरूना. किरूनाहून नार्विकला पूर्वी नुसती रेल्वे होती. आता रस्ता झालाय, दोनच वर्षं झाली. तिथून ट्रोम्सो."

"कधी?"

"फेब्रुवारीत."

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"नॉर्वेच्या बाजूने गेलं तर मध्ये बोटीने पार करायच्या खाड्या आणि घाट. वादळ आलं की बंद. स्वीडन सपाट आहे, रस्ते साफ ठेवतात. म्हणून स्वीडन." मी विचारलं होतं एक, तो उत्तर देत होता दुसऱ्याचं.

ट्रोम्सोला त्याची मुलगी होती, सुमेधा. एकुलती एक. जन्म वूस्टरचा. बॉस्टनला शिकताना तिला एक नॉर्वेजियन मुलगा भेटला, सिव्हर्ट. लग्न झालं, दोघं त्याच्या गावी गेली. ती तिथल्या हॉस्पिटलात रक्त तपासायची. तो वडिलांच्या बोटीवर. जानेवारी ते एप्रिल कॉड माशाचा हंगाम, त्या दिवसांत तो घरी क्वचितच असायचा. त्यात हिवाळ्याचा काळोख, जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही. उगवला तरी डोंगराआड राहतो. काळोखात ती एकटी, आणि इकडे हा एकटा.

"मग विमानाने जा की," मी म्हटलं. "ट्रोम्सोला विमान उतरतं."

"उतरतं."

"तिच्याकडे खोली आहे ना?"

"आहे. पडदे लावलेत म्हणाली."

"मग?"

चारुदत्तने कंपास मिटला. "मालिनीचा नियम. माहीत आहे तुला."

माहीत होता. आमच्या पिढीत पुष्कळ घरांत होता. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. काही लोक पाणीही घेत नसत. मालिनीवहिनी अमेरिकेत पंचवीस-सव्वीस वर्षं राहिल्या, ऑफिसात काम केलं, गाडी चालवली, पण एवढी एक गोष्ट सोडली नाही. सुमेधा लग्नानंतर बॉस्टनमध्ये वर्षभर होती. वहिनी तिच्याकडे जाताना डबा आणि थर्मास घेऊन जायच्या. पोरगी चिडायची, मग हसायची.

"अरे, मूल झालं की जा," मी म्हटलं.

तो नकाशाची घडी सरळ करत म्हणाला, "होणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. तिने मला फोनवर सांगितलं, एकदाच. मी 'बरं' म्हणालो."

"बरं?"

"दुसरं काही सुचलं नाही. तिने विषय बदलला."

मग मला मोटरहोम समजली. गाडीत स्वतःचं छप्पर, स्वतःची चूल. मुलीच्या दारात राहायचं, पण तिचं अन्न खायचं नाही. आणि का खात नाही हे सांगायची पाळी येऊ द्यायची नाही, कारण ते सांगणं म्हणजे तिच्या जखमेवर बोट ठेवणं. एक वाक्य टाळण्यासाठी हा माणूस बर्फातून अख्खा देश चढून जाणार होता.

"वहिनी गेल्या चारुदत्त. कोण बघायला येणार आहे?"

"म्हणूनच तर. ती असती तर तिच्याशी भांडून मोडला असता. आता भांडू कुणाशी?"

मी कामाचं विचारलं, "पाण्याची टाकी गाडीच्या आत आहे की खाली?"

पुढचे दोन महिने आम्ही त्या कामात घालवले. चारुदत्तचं काम पाहण्यासारखं होतं. कुठल्या पेट्रोलपंपावर गाडीला वीज जोडता येते, कुठे ट्रकवाले रात्री थांबतात, उतारावर उजेड असताना पोचायचं तर सकाळी कधी निघायचं, सगळं त्याने पत्रं लिहून विचारलं आणि नकाशावर बारीक अक्षरात उतरवलं. पाइप गोठू नयेत म्हणून सांडपाण्याचा नळ उघडा ठेवून खाली बादली लावायची, तिकडचा गॅस थंडीत पेटत नाही, दुसऱ्या जातीचा सिलिंडर मागून घ्यायचा, हे मी सांगायचो. काही तो मला सांगायचा. फुकटचे कष्ट मला आवडत नाहीत. हे फुकटचे नव्हते. माणूस काम नीट करत होता.

मराठी मंडळाच्या संक्रांतीला बातमी फुटली. डॉक्टर हेमचंद्र सबनीस तिळगूळ देता देता म्हणाले, "नाबर, यार, लोक रिटायर झाल्यावर फ्लोरिडा प्लॅन करतात. तुम्ही नॉर्थ पोल?"

"फ्लोरिडात गर्दी फार," चारुदत्त म्हणाला.

पद्मजावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "जाऊ द्या हो, मुलीला भेटायचंय त्यांना. पण भावजी, मोटरहोम कशाला? तिचं घर आहे ना तिथे?"

"देश बघायचाय." चारुदत्तने तिळगूळ तोंडात टाकला, म्हणजे पुढचं बोलावं लागू नये.

सुमेधालाही त्याने हेच सांगितलं होतं, की रिटायर झालोय, देश बघायचाय. ती खूश होती. दर रविवारी संध्याकाळी फोन करायची आणि हा तिला मुक्कामांची नावं वाचून दाखवायचा. उच्चार चुकला की ती हसायची. घरात तेवढाच काय तो आवाज.

जानेवारीच्या शेवटी थंडीची लाट आली. चारुदत्त म्हणाला, हीच वेळ. गाडीत एक रात्र काढून बघू. शेजारच्या ओल्सनकडे जुनी मोटरहोम होती, बसच्या तोंडाची, ड्रायव्हरला वेगळं दार नसलेली. ओल्सनचे आजोबा स्वीडनहून आलेले. किल्ली देताना तो म्हणाला, "माझा आजा त्या थंडीला वैतागून पळून आला, आणि तू हौसेने निघालास. आज्याला कळलं तर थडग्यातून उठेल, पण जमीन गोठलीये, नशीब तुझं." चारुदत्तने गाडी आपल्या अंगणात आणून लावली. रविवार होता. मी सगळे जोड तपासले आणि घरी आलो.

सोमवारी सकाळी माझा फोन वाजला. सुमेधा.

"बाळकाका, बाबा फोन उचलत नाहीत. काल तीनदा केला, आज पुन्हा. प्लीज, जाऊन बघता का? आय ॲम सो स्केअर्ड."

मी चालतच गेलो, गाडी सुरू व्हायला वेळ लागला असता. घराचं दार उघडं, आत कोणी नाही. अंगणातल्या मोटरहोमच्या काचा आतून पांढऱ्या. मी दारावर मूठ आपटली.

आतून पळीचा आवाज आला. ठण, ठण.

"जिवंत आहेस?"

"आहे. दार उघडत नाही."

"कुलूप?"

"कुलूप नाही. बर्फ. आतून."

मी दार ओढलं. भिंत ओढल्यासारखं वाटलं. चौकटीच्या फटीत बर्फ साचून दगड झाला होता.

"केलंस काय तू?"

आत पळी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "कुकर लावला."

"कुकर?"

"वरणभाताचा. शिट्ट्या झाल्या. ऊब छान आली म्हणून मग बटाटे लावले."

मी तिथे थंडीत उभा राहून हसलो. कुठल्याही नकाशात, कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नसणार. मोटरहोमवाले गोरे लोक डबा उघडून गरम करतात. बंद गाडीत प्रेशर कुकरच्या शिट्ट्या काढणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. सगळी वाफ काचांवर, कुलपावर, दाराच्या फटींत बसली. रात्री बॅटरी उतरली, हीटरचा पंखा थांबला, वाफेचा बर्फ झाला. माणूस फ्रीजरमध्ये.

पहार घातली असती तर ओल्सनचं दार गेलं असतं. मी घरातून लांब वायर ओढली आणि वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर आणला. फट वरून खाली थोडी थोडी तापवत गेलो. घाई केली तर पाणी ओघळून खाली पुन्हा गोठतं. हळू करावं लागतं. बोटं बधिर झाली तेव्हा हात बदलला. शेवटी दार कुरकुरलं आणि सुटलं.

चारुदत्त दोन कोट आणि गोधडी पांघरून बसला होता. ओठ निळसर. मला पाहून म्हणाला, "वाफ बाहेर काढायला छताची खिडकी बोटभर उघडी ठेवायला हवी. आणि कुकर नाही, नुसतं पातेलं. झाकण ठेवून."

"आधी घरात चल."

उठताना तो म्हणाला, "रात्री तीनदा फोन वाजला. भिंतीपलीकडे. मला ऐकू येत होता."

घरात चहा ठेवला तोच पुन्हा वाजला. त्याने उचलला. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"हो, ठीक आहे... नाही, घरात नव्हतो. गाडीत होतो... ओल्सनच्या. ट्रायल घेत होतो... अडकलो जरा... अगं, तुला खोली आहे, माहीत आहे मला... हौस म्हणून... हो, हौस."

मग तो बराच वेळ ऐकत राहिला. चहा उतू गेला, तो मी पुसला.

"नाही, तसं नाही," तो म्हणाला. "सुमे, तसं नाही." आणि रिसीव्हर तसाच धरून उभा राहिला.

"काय झालं?"

"म्हणाली, तुम्हाला कसली हौस, बाबा? केप कॉडला एक रात्र राहायला सांगितलं तर उशी नेता घरून. मग एकदम थांबली. म्हणाली, आईचा रूल, ना? मी बोललो नाही. म्हणाली, ओके. म्हणजे आता नेव्हर, ना? आणि ठेवला."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. त्याने केला तर ती कामावर. चारुदत्त नकाशावर वाकायचा, पण नवीन काही लिहायचा नाही. मी विचारलं, "रद्द करतोस का?"

"दारात जाऊन उभा राहीन. आत घे म्हणणार नाही. हाकल म्हणणार नाही. बघू."

मी त्याला बॉस्टनच्या विमानतळावर सोडलं. त्याच्या बॅगेत बेसन, गोडा मसाला, आमसुलं आणि एक जाड बुडाचं पातेलं होतं. तो गेल्यावर त्याच्या घरापुढचा बर्फ मीच काढत होतो, घरात माणूस आहे असं दिसावं म्हणून. आधी स्वतःचा, मग त्याचा. रिकाम्या घराचा बर्फ काढणं वेगळं असतं. काम तेवढंच, पण हात लवकर दुखतात.

मार्चच्या शेवटी तो परत आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. मी खिचडी घेऊन गेलो. टेबलावरचा नकाशा आम्ही गुंडाळून ठेवला आणि बसून जेवलो. मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, मध्ये घास घेत.

रस्ता ठरल्याप्रमाणे झाला. दिवसचे दिवस फक्त झाडं आणि बर्फ. पेट्रोलपंपावर थँक्यू म्हणायला तोंड उघडलं की आपलाच आवाज परका वाटायचा. एकदा रेनडियरचा कळप रस्त्यावर उभा होता. त्यांनी वाट देईपर्यंत हा थांबला. घाई नव्हतीच. रात्री ट्रकवाल्यांच्या शेजारी गाडी लावायची, पातेल्यात भात, छताची खिडकी बोटभर उघडी.

"ट्रोम्सोला चूक निघाली," तो म्हणाला. "नकाशात चढ दिसत नाही. तिचं घर टेकडीवर. रस्ता असा उभा आणि त्यावर काचेसारखा बर्फ. गाडी चढेना. खाली धक्क्यापाशी लावावी लागली."

"मग दारात कसला राहिलास?"

"दारात नाही राहिलो. तिची खिडकी दिसायची. दिवा लागला की कळायचं, घरी आली."

पहिल्या संध्याकाळी तो वर चढून गेला. तिने दार उघडलं, बघितलं, मिठी मारली. हा आत बसला. तिने कॉफी केली, एकच कप. याच्यासमोर बसून प्याली. ते त्याला लागलं, पण तिचं बरोबर होतं. त्याने तिचा गळका नळ दुरुस्त केला आणि खाली आला.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली, कोट न काढता गाडीतल्या बाकावर बसली. त्याने वरणभात वाढला. तिने खाल्ला. म्हणाली, "सगळ्यांच्या माहेराला चाकं नसतात, बाबा."

"हसत म्हणाली का?" मी विचारलं.

"अर्धवट."

मग ती येत राहिली, रोज नाही, एखाद दिवस सोडून. बापाकडे लेक जेवते, त्याला कुठला नियम आड येत नाही. मुलाबाळाचं दोघांनीही काढलं नाही. ज्या दिवशी ती यायची नाही, त्या दिवशी हा खिडकीकडे तोंड करून जेवायचा. वर दिवा, खाली हा. मधे चढ.

निघायच्या आदल्या दिवशी ती आली, पण आत आली नाही. पायरीवर झाकलेलं ताट ठेवलं.

"म्हणाली, हे माझ्या घरात शिजवलंय. तुम्ही ठरवा. मी बघत नाही. आणि वळून वर गेली. खिडकीतला दिवाही घालवला."

"काय होतं?"

"पिठलं. भात. तिला मालिनीने शिकवलं होतं, फोनवर."

"बेसन तूच नेऊन दिलेलं ना? मग पीठ तुझंच. नियम मोडत नाही."

त्याने मान हलवली. "पाणी तिचं. चूल तिची. हात तिचे. मोडला."

"म्हणजे खाल्लंस?"

"सगळं. ताट बर्फाने घासलं, वर चढलो, दारात ठेवलं. दिवा नव्हता. बेल वाजवली नाही. सकाळी ती खाली आली, निरोप दिला. तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

खिडकीबाहेर पागोळ्या गळत होत्या. चारुदत्तने चमचा खाली ठेवला.

"बाळ, तिथे धक्क्यावर पक्षी फार. समुद्रपक्षी. काहीही टाकलं की क्षणात संपवतात. मी येताना वाटेत सबंध स्वीडनभर हाच विचार केला. रिकामं ताट म्हणजे काय? मी खाल्लं असंही होतं. पक्ष्यांना टाकलं असंही होतं. तिने काय धरलं असेल?"

"विचार तिला."

"कसं विचारू?"

इतका लांब रस्ता आखून पार केलेला माणूस. फोन त्याच्या कोपरापाशी होता. मी आयुष्यभर वजनं उचलली आहेत, कुठलं वजन माणसाला झेपणार नाही हे मला बघून कळतं. हे त्याला एकट्याला उचलणार नव्हतं. मी नंबर लावला. बाहेरदेशीचा नंबर लांबलचक, एकदा चुकला, पुन्हा लावला. पलीकडे घंटा वाजू लागल्यावर रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"हॅलो," तो म्हणाला. "सुमे, मी." माझ्याकडे बघितलं, मग खाली ताटाकडे.

"सुमे, पिठल्यात मीठ कमी होतं."

मी उठलो. दुसऱ्याच्या फोनपाशी बसू नये. बाहेर पायऱ्यांवर रात्रीचा बर्फ घट्ट झाला होता, तो फावड्याच्या टोकाने फोडायला लागलो. दार लोटलेलंच होतं. आतून चारुदत्तचा आवाज येत नव्हता. तो ऐकत होता.